बाळकुमची अपुरी चाल

ता. १९ नोव्हेंबर १८८८, सोमवार

आज ठाण्यास रुजू झालो. मासुंद्याच्या तळ्यापासून जवळच आवडाबाई म्हणून एका विधवा बाईंच्या घरात पुढची पडवी, एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने मिळाले आहे. पडवी ऐसपैस, दहा-बारा माणसांची पंगत सहज बसेल. सुमती बाळंतपणाला नाशकास माहेरी आहे. ती डिसेंबरच्या मध्यावर तीन महिन्यांच्या मंदाकिनीला घेऊन येईल, तोवर पाळण्याला कडी ठोकून ठेवली पाहिजे. लेकीला मी अजून पाहिलेलेही नाही.

काम आबकारीचे. संध्याकाळी दारूची आणि माडीची दुकाने फिरून चोरटा माल कुठे येतो ते हुडकायचे. इकडे अशा दुकानाला पिठा म्हणतात. दारूचा थेंब न शिवलेल्या त्र्यंबकेश्वराच्या ब्राह्मणाला रोज पिठ्यांत जाण्याचा पगार मिळणार! वडील असते तर मला आणि पगाराला दोघांनाही पंचगव्य दिले असते. पण माणूस खात्याने बरोबर निवडला आहे. आई म्हणे, हा त्र्यंबक दुधात पाणी नसले तर पाण्यात दूध शोधील.

ता. २२ नोव्हेंबर

तीन संध्याकाळी शिपाई मारुतीला घेऊन फिरतो आहे. दिवे लागले की हे गाव निराळेच होते. स्टेशनाजवळच्या पिठ्यात रेल्वेचे फिटर टेबलावर मुठी आपटून ठेका धरतात. माजिवड्याला एक आंधळा तुणतुण्यावर अशी काही गाणी म्हणतो की ती इथे लिहिण्यासारखी नाहीत, पण गळा गोड. कल्याणच्या पिठ्यात तर ढोलकीवाल्यासाठी लोक भांडतात. मला पिण्याचे नाही, पण गाण्याचे व्यसन आहे. सासरे कीर्तनकार, त्यांच्या घरी मी जावई कमी आणि श्रोता जास्त. सुमतीही दाराआड बसून सगळे शिकली, आणि तिचा कान माझ्याहून तयार आहे हे मी फक्त या वहीत कबूल करतो.

ता. २४ नोव्हेंबर

बाळकुमला गेलो. खाडीच्या काठाला जुलियाबाई नावाच्या किरिस्ताव बाईचा पिठा आहे. मारुती आत यायला तयार होईना, बाहेर बैलांपाशी थांबतो म्हणाला. इथे लगेच माझे कान टवकारले.

इनास नावाचा म्हातारा दिवेलागणीला फिडल वाजवतो. लग्नाची काहीतरी चाल होती, साधी, पण ऐकताना अंगावर काटा आला. आणि मग म्हाताऱ्याने ती शेवटच्या ओळीआधीच तोडली. समेच्या दारापर्यंत आणून गडी वळला आणि गज खाली ठेवला. घशात घास अडकावा तसे मला झाले. बाकीचे लोक मुकाट्याने पीत राहिले.

दुसरी गोष्ट. खाडीकडच्या भिंतीला एक लांब बाक आहे, त्यावर कोणी बसत नाही. पण त्याच्यापुढे माडीचे अकरा पेले भरून ठेवलेले, आणि बाराव्या जागी पितळी पेल्यात दूध. पिठ्यात दूध! कोणासाठी म्हणून विचारले तर बाईने ऐकले न ऐकलेसे केले.

ता. २७ नोव्हेंबर

पुन्हा बाळकुम. चाल तीच आणि तोडली त्याच ठिकाणी. मला आता संशय नाही, खात्री आहे. तुटलेली चाल ही खूण आहे, खाडीत थांबलेल्या चोरट्या मालाच्या होडीला ‘आता येऊ नका’ म्हणून. तान्ह्या पोराचे अंथरूण निजताना कोरडे अन् उठताना ओले, तसा त्या रिकाम्या बाकाचा प्रकार. मी आलो तेव्हा कोरडा होता, निघताना बारा जागी भिजलेला. दारू सांडली असेल म्हणून बोट लावून चाखले. खारे पाणी.

घरी येऊन ती चाल सारेगम करून सुमतीला पत्रात पाठवली. शेवटची ओळ रिकामी सोडली आणि लिहिले, कीर्तनकारांच्या कन्येने हे कोडे सोडवून दाखवावे.

ता. १ डिसेंबर

आवडाबाईंकडून आज कळले की माझ्याआधीचा कारकून श्रीपादपंत याच खोलीत राहत होता. पुण्याचा, बोलणे अगदी स्वच्छ, सोवळा, चहासुद्धा पीत नसे, नुसते दूध. गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी त्याने आवडाबाईंकडून बारा जणांच्या बेताचे तांदूळ उसने घेतले, पाहुणे आहेत म्हणाला. बाईंना पाहुणे दिसले नाहीत. नंतर तो त्यांना होडीपर्यंत पोहोचवून येतो म्हणून निघाला, तो आलाच नाही. त्याचे सामान सगळे जागच्या जागी, फक्त दुधाचा पितळी पेला नाही.

तो पेला कुठे आहे ते मला ठाऊक आहे. याचा अर्थ उघड आहे. श्रीपादपंताला त्या बाईच्या होडीवाल्यांनी खाडीत घातले. वरिष्ठांना आत्ता सांगितले तर पुरावा मागतील. खूण ‘येऊ नका’ची असेल तर पुरी चाल ‘या’ची असणार. ती पुरी करून पाहतो. बघू कोण येते ते.

ता. ४ डिसेंबर

खरे लिहितो. निम्मे काम संशयाने केले आणि निम्मे कानाने. इनासने चाल तोडली आणि मी बसल्या जागेवरून, मनाशी जुळवून ठेवलेली शेवटची ओळ खड्या आवाजात म्हटली आणि टेबलावर थाप मारून सम दिली. मन कसे निवले!

होडी आली नाही. कोणी शिवीही दिली नाही. गिऱ्हाईके अर्धे पेले टाकून उठली. इनास भिंतीकडे तोंड करून बसला. बाकावर खारे पाणी होते ते ओघळून दाराकडे निघाले. मी जमिनीचा उतार पाहिला, उतार उलट्या बाजूला आहे. जुलियाबाई बाकापुढचे पेले एकेक करून पालथे घालू लागल्या आणि मला एवढेच म्हणाल्या, “तुमचे घरा कोन कोन हाय?”

बायको आणि तान्ही मुलगी येणार आहेत म्हणालो. त्यांनी पदराने तोंड झाकले.

येताना बैल चालेनात. दोनच माणसे गाडीत, तरी तोंडाला फेस, जशी वऱ्हाडाने भरलेली गाडी. मारुतीने एकदा मागे पाहिले, खाली उतरला आणि ठाण्यापर्यंत बैलांच्या पुढे चालत आला. काय दिसले ते सांगेना. हाही त्यांना सामील दिसतो.

ता. ५ डिसेंबर

सकाळी पडवी ओली. आवडाबाई म्हणतात तुम्हीच पाणी सांडले. मी सांडले नाही. त्यांनी सांडले असेल, मला घालवून जास्त भाड्याचा भाडेकरू आणायचा असेल. पुसून घेतले. दिवेलागणीला पुन्हा ओली.

ता. ६ डिसेंबर

बाईंना उगीच दोष दिला. आज पुसून स्वतः दारात बसून राहिलो. कोणी आले नाही आणि पडवी भिजली. सगळी नाही. बारा जागी, पाटाएवढ्या, पंगतीसारख्या एका ओळीत. शेवटची जरा अंतर राखून, सोवळ्याने बसावे तशी.

मग स्वयंपाकघरात ताटे वाजली. आत कोणी नव्हते. मी भ्यालो आहे.

ता. ७ डिसेंबर

दुपारीच बाळकुमला धावलो. जुलियाबाईंनी आज सगळे सांगितले. बारा वर्षांमागे त्यांच्या बहिणीचे वऱ्हाड होडीने पलीकडे निघाले होते. इनास वाजवीत होता. चालीची शेवटची ओळ राहिली आणि होडी उलटली. अकरा बुडाली, इनास पोहून आला. पुढच्या संध्याकाळपासून बाक भिजू लागला. त्यांच्या लग्नात रीत अशी की चाल संपली की वऱ्हाड उठते, आणि शेवटची ओळ जो म्हणतो त्याने सगळ्यांना घरी नेऊन जेवू घालायचे, मग होडीपर्यंत पोहोचवायचे. म्हणून इथे चाल रोज वाजते आणि रोज अपुरी राहते. लग्न चालू आहे असे समजून ती माणसे बसून राहतात. श्रीपादपंताने माझ्यासारखीच हुशारी केली होती. तो त्यांना पोहोचवायला गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाकावर बारावी जागा भिजली. त्याचा पेला खाडीच्या काठाला सापडला.

म्हटले, एवढे होते तर मला आधी का सांगितले नाही? त्या म्हणाल्या, “तुमी पोलिसाचे डोल्यानी बघत होते. सांगला असता, तर खोटा वाटला असता.”

खरे आहे ते.

उपाय एकच. इनासला आता कोणी ऐकत नाही, ऐकणारे माझ्या पडवीत आहेत. रोज दिवेलागणीला मीच चाल सुरू करायची आणि तोडायची. एक दिवस चुकला तर ते जेवायला आत येतील. घर सोडून उपयोग नाही, यजमान जाईल तिथे पाहुणे येतात.

सुमतीला तार केली, येऊ नकोस.

ता. ९ डिसेंबर

दोन दिवस गुणगुणलो आणि तोडली. बसून राहतात. ताटे वाजली नाहीत. जमेल असे वाटते. जन्मभर करावे लागले तर जन्मभर, पण त्या दोघी इथे येता कामा नयेत.

तारेला उत्तर नाही. आवडाबाई भावाकडे राहायला गेल्या.

ता. ११ डिसेंबर

आता काहीच पुरे करवत नाही. पानात शेवटचा घास ठेवतो. संध्या अर्धी सोडली. दाराची कडी अर्धी. काही संपले की पडवीत हालचाल होते, म्हणून ही वाक्येसुद्धा—

घसा बसत चालला आहे. आज दोनदा आवाज फुटला नाही. तेवढ्यात शेवटची जागा उंबऱ्याच्या एक वीत अलीकडे—

ता. १२ डिसेंबर

सुमतीचे पत्र, देवळालीहून. तार पोचायच्या आधीच ती मामांकडे देवळालीला निघाली होती. उद्या दुपारच्या गाडीने येते. खाली लिहिले आहे, ‘कोडे सुटले. पत्रात सांगणार नाही, तोंडाने ऐकवीन. बक्षीस काढून ठेवावे.’

बक्षीस म्हणे. अग वेडे—

ता. १३ डिसेंबर

कल्याणला जाऊन गाडीतच गाठली, उतरवून परत पाठवायची म्हणून. परतीची गाडी उद्या सकाळी. मंदा खोकते आहे, उघड्या फलाटावर रात्र काढायची कशी? आणि मला दिवेलागणीच्या आत पडवीत—

घेऊन आलो. दुसरे काय करणार?

वाटेत बजावले, त्या चालीचे नाव काढायचे नाही, शपथ घातली. हसली. म्हणाली, बायकोने हरवले म्हणून राग आला वाटते. मंदाची मूठ माझ्या बोटाभोवती होती. खरे सांगायचे धैर्य झाले नाही. एक रात्र, सकाळी दोघींना गाडीत बसवतो, एकच—

ती आत आहे. दार ओढून घेतले. मी पडवीत, मांडीवर वही. हात चालू राहिला की भीती कमी.

भिजली. बाराही.

सुरू करतो.

आवाज फुटतो आहे, बरा आहे, पहिली ओळ झाली, दुसरी— आत पाळण्याची कडी वाजते आहे. मंदा रडत नाही, ऐकते आहे. तिसरी. इथे तोडायची. तोडली. बसले आहेत. देवा, बसले—

आतून सुमती.

पाळण्यावर, हळू, मी सोडली तिथूनच— नको, सुमती, न—

किती सुंदर म्हटली. समेवर अगदी—

जागा कोरड्या झाल्या. सगळ्या. उंबरा ओला. माझ्याकडे कोणी पाहतही नाही, यजमान आता मी नव्हे—

दार आतून धरले आहे. हाका मारतो, घसा— ती ताटे काढते आहे. विचारते आहे, पाहुणे आलेत का, सांगितले का नाही, पाने किती मांडू.

आणि कोणीतरी अगदी स्वच्छ, पुण्याच्या बोलण्यात तिला सांगितले, बारा, वहिनी. मला नुसते दूध पुरे. जेवणे झाली की बाळाला घ्या, आपण सगळेच होडीपर्यंत—