व्हायोलिन, भाग दुसरा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून आयुष्य बदलणार. ऑफिस सुटल्यावर घरी जायचंच नाही. नळांच्या कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी आलं की सासूबाईंचा टीव्ही, लेकीचं पाठांतर, बायकोचं 'सांगितलेलं आणलंत का'. दोन खोल्यांत माणसाने विचार कुठे करायचा? सार्वजनिक वाचनालयाचा सभासद झालो. घरी सांगितलं, ऑफिसात ऑडिट आहे, रोज आठ वाजतील. हे खोटं नव्हे. मी स्वतःचंच ऑडिट करतो आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
सगळ्या खुर्च्या परीक्षेवाल्यांनी अडवलेल्या. एकच रिकामी. पंख्याखाली, संगीताच्या कपाटाशेजारी, हेडफोनसकट. ग्रंथपालबाई म्हणाल्या, ही जागा फक्त संगीताच्या अभ्यासकांसाठी आहे. मी म्हणालो, म्हणूनच बसलोय. कोणतं वाद्य, असं त्यांनी विचारलं. समोरच्या पुस्तकावर व्हायोलिनचं चित्र होतं. माणसाला नियती अशीच सापडते.

१० फेब्रुवारी, सोमवार
व्हायोलिन शिकवणारं पुस्तक घेतलं. भाग दुसरा. पहिला भाग कुणीतरी नेलाय आणि परत करत नाही. काही अडत नाही. पहिल्या भागात असून असून काय असणार? ओळखबिळख.

हेडफोनवर एका बाईंचं व्हायोलिन ऐकलं. वाटलं, कुणीतरी शेजारी बसून हळू आवाजात माझ्याशी बोलतंय आणि तक्रार करत नाहीये. तेच परत लावलं. डोळ्यांत पाणी आलं. जुन्या पुस्तकांना धूळ फार. रुमाल न्यायला हवा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
घात झाला. हे वाचनालय पुस्तकांसारखी वाद्यंही घरी देतं. ग्रंथपालबाईंनी कपाटातून व्हायोलिन काढून माझ्या हातात ठेवलं. नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे मागणारे तुम्हीच पहिले. मी कुठे मागितलं होतं? पण त्यांचा चेहरा बघून नको म्हणवेना. फॉर्मवर सही केली. सही करताना मी वाचत नाही, वाचनालयात तर मुळीच नाही.

घरी सांगितलं, साहेबांचं आहे. त्यांच्याकडे पाहुण्यांची पोरं आलीत म्हणून आपल्याकडे ठेवलंय. बायको बरं म्हणाली. भोळी आहे बिचारी.

२२ फेब्रुवारी, शनिवार
पहिला सराव. वाद्य बंद राहिलं की खराब होतं, साहेबांनी वाजवत राहायला सांगितलंय, असं आधी जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, जिन्यात मांजर अडकलंय वाटतं, बघता का जरा. बघून आलो. मांजर नव्हतं.

लेक म्हणाली, बाबा, ते खांद्यावर धरतात ना? मी मांडीवर उभं धरलं होतं. दुसऱ्या भागात धरण्याविषयी एक अक्षर नाही. ही वेगळी परंपरा आहे, असं सांगून तिला अभ्यासाला बसवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
त्या फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलं होतं: वाद्य नेणाऱ्या सभासदाने तिमाहीच्या शेवटी वाचनकक्षात पाच मिनिटं वादन करावं. सूचना फलकावर माझं नाव लागलं आहे. १६ मार्च. एकल वादन.

बोटाला पट्टी बांधून गेलो. बाई म्हणाल्या, अरेरे, पण तोवर भरून येईल. सरळ व्हायोलिन परत करावं तर खुर्ची गेली, हेडफोन गेला. संध्याकाळी ते ऐकल्याशिवाय मला आता घरचा जिना चढवत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

८ मार्च, शनिवार
मार्ग सापडला. सुरांइतकीच दोन सुरांमधली शांतता महत्त्वाची असते, असं पुस्तकात आहे. मी शांततेवर भर देणार.

१५ मार्च, शनिवार
तयारी पूर्ण. इस्त्री झाली, केस कापले. फक्त सराव राहिलाय.

१६ मार्च, रविवार
श्रोते बरेच होते. म्हणजे रोज पेपर वाचायला येणारे होते तेच. पहिला सूर लावला. एका आजोबांनी पेपरातून मान वर न काढता भिंतीवरच्या 'शांतता राखा' पाटीकडे बोट केलं. ठरल्याप्रमाणे मी शांततेवर आलो. ती जरा लांबली. संपलं असं वाटून बाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही नमस्कार केला.

बाई म्हणाल्या, पुढच्या तिमाहीपर्यंत हात बसेल. पुढच्या. म्हणजे सुटका नाहीच. कान तापले होते. घरी येईपर्यंत तापलेलेच होते.

१७ मार्च, सोमवार
कलेचा त्याग केला. घरासाठी. इतके दिवस मी घरच्यांकडे दुर्लक्ष केलं, याची टोचणी लागली होती. व्हायोलिन आणि सभासदत्वाचं कार्ड बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि उजेड असतानाच घर गाठलं.

जिन्यातच हसण्याचा आवाज आला. आमच्याच घरातून. सासूबाई हसत होत्या. त्या इतक्या हसतात हे मला माहीत नव्हतं. दार उघडलं. टीव्ही बंद. बायको माझ्या खुर्चीत, पाय स्टुलावर. लेक केरसुणी मांडीवर उभी धरून वाजवत होती, डोळे मिटून. मला पाहिल्यावर सगळ्या गप्प. बायको खुर्चीतून उठली.

सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. शेजारच्यांनी तुम्हाला वाचनालयात पाहिलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, कशाला, बरं चाललं होतं सगळ्यांचं. मी जाहीर केलं की आता रोज संध्याकाळी लवकर घरी येणार. सासूबाईंनी टीव्ही लावला. बायको कोपऱ्यावर जाऊन येते म्हणून बाहेर पडली.

१८ मार्च, मंगळवार
सकाळी डब्याशेजारी व्हायोलिन ठेवलेलं होतं. त्यावर माझं कार्ड, वर्षभरासाठी नवं करून आणलेलं. काल बायको वाचनालयातच गेली होती. म्हणाली, आठपर्यंत आरामात या, अजिबात घाई करू नका. लग्न झाल्यापासून ही बाई मला घाई करा एवढंच म्हणत आलीय. सासूबाईही म्हणाल्या की जावईबापूंनी कला सोडू नये. कलावंताला घरून असा पाठिंबा मिळायला नशीब लागतं.

संध्याकाळी गेलो तर वाचनालयाला कुलूप. रंगकामासाठी आजचा दिवस बंद. घरी परतता आलं असतं. पण त्या तिघींची संध्याकाळ मोडायची नव्हती. पायरीवर व्हायोलिन मांडीवर घेऊन आठ वाजेपर्यंत बसून राहिलो.