रेंबर्ट सिस्टर्सच्या रिकाम्या जागांविषयी

मी, अल्बर्टा रेंबर्ट, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार मोबील, अलाबामा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. जीभही आहे, खात्री हवी असल्यास भाच्याला विचारावे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर थोरली बहीण एस्थर हिची मुलगी व्हर्निस हिला. ओसरीवरचा झोपाळा काढू नये. संध्याकाळी आखातावरून वारा आला की कोणी बसल्यासारखा हलतो. हलू द्यावा.

२. आमच्या 'रेंबर्ट सिस्टर्स' या गाण्याच्या संघाचे जांभळे झगे चर्चला. माझा मात्र पुरताना मला घालावा. नन्सच्या शाळेत गाताना टाळी वाजवणे असभ्य होते; रविवारी बाप्टिस्ट चर्चमध्ये वडील आम्हा तिघी बहिणींना पायाने ठेका धरायला लावत सांगत, "आधी पाय, मग गळा." मी दोन्हीकडे चांगले गुण मिळवले.

३. आमच्या घरचा रिवाज असा, की बहीण गेली तर तिचा सूर दुसऱ्या कोणी गायचा नाही. धाकटी ओडेसा खालचा सूर गायची. ती गेल्यावर गाण्यात तिच्या जागी फक्त आमचे पाय वाजत, आणि डोळे मिटले की ती पाण्याखालून गात असल्यासारखी ऐकू येई. मग वरचा सूर गाणारी एस्थर गेली. मी एकटीच मधला सूर गात राहिले. तिघी ऐकू आल्या, असे लोक सांगत.

ओडेसाचा मुलगा डेलमार याने ईस्टरला मला न विचारता जुन्या रेकॉर्डमधला तिचा आवाज यंत्रावर लावला. गेलेल्या आईला बटण दाबून गायला उभे केले! त्याच रागात मी आधीच्या मृत्युपत्रात आमच्या संघाचे नाव माझ्याबरोबर पुरावे, असे लिहून ठेवले होते.

ते वाचून व्हर्निस भांडायला आली.

"मावशी, तू गेलीस की तिन्ही जागा रिकाम्या. मग आम्ही नुसते पाय आपटायचे?"

मी हो म्हटले.

"आणि पोरांना काय सांगू? आज्या फार छान गप्प बसायच्या?"

मी तिच्या हातून कागद घेतला आणि ती ओळ खोडली. अशी वेळ माझ्यावर क्वचितच येते.

४. सबब, संघाचे नाव व्हर्निसला देते आणि तिन्ही जागा मोकळ्या करते. त्या श्वास घेणाऱ्या माणसांनीच भराव्यात. खालचा सूर डेलमारने गावा, यंत्र घरी ठेवून. त्याचा गळा आईचाच आहे; हे मी त्याच्या तोंडावर कधीही म्हणणार नाही.

५. मला चर्चमध्ये आणतील तेव्हा गाणे चालू असावे. मधला सूर पहिल्या ओळीपासून कोणीतरी धरावा. माझ्यासाठी थांबू नये.

सही: अल्बर्टा रेंबर्ट
आमच्यादेखत सही केली: रेव्ह. लेम्युएल टॉलिव्हर, ऑटमे हिग्ज, शेजारीण
मोबील, ९ मे २०१७