करुणाताईनेच वाचून दाखवायचा कागद

मी, गोकुळ गेणबा झगडे, वय वर्षे सव्वीस, शिक्षण सातवी पास, आठवी अर्ध्यात सोडलेली, धंदा बोगद्यात डंपर चालवणे, मूळ राहणार पळसदेवच्या पुढं उजनीच्या पाण्याकडेची वस्ती, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हल्ली मुक्काम हिमाचलातला लेबर कॅम्प, खोली नंबर चौदा, आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही आणि मानेवर बसून कुणी हे लिहून घेत नाही. वस्तीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी टीव्हीवर त्या नावाचे पुष्कळ हाल झाले.

मृत्युपत्र करण्याचं कारण असं. गेल्या सोमवारी कंपनीने सगळ्यांकडून वारसाचा फॉर्म भरून घेतला. तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आता साहेब स्वतः पेन देतो, वर चहा देतो. बोगद्यात नऊशे मीटरवर छताला पाणी सुटलंय. ते त्यांना दिसतंय आणि मलाही दिसतंय. त्या फॉर्मवर माझा भरवसा नाही, म्हणून हा कागद वेगळा. मोबाईलवर बघून घेतलंय, मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. दाजींनी एखादं आणून दाखवलं तर ते खोटं समजावं.

कलम १. माझ्या पश्चात वस्तीवरचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आई श्रीमती द्वारकाबाई हिचं राहील. तिच्यानंतर बहीण स्वरूपा हिचं, जी डाळजला दिलेली आहे. स्वरूपाचं म्हणजे स्वरूपाचं, रणजित दाजींचं नाही. दाजी माणूस वाईट नाहीत, पण आमच्याकडे आले की अंगण पावलांनी मोजतात. मी दोनदा पाहिलंय.

कलम २. बँकेत जे असेल ते आईचं. आकडा लिहीत नाही. कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

कलम ३. वडिलांची होडी आणि दोन जाळी अनुप मखरे यांना द्यावीत. अनुपदादा म्हणजे करुणाताईचा नवरा. गेल्या पावसाळ्यात आईने त्यांच्या घराशी बोलणं तोडलं, तरी हा माणूस आमच्या होडीतलं पाणी उपसत राहिला. होडीवर डोळा असणार, असं मला वाटलं. दिवाळीला गेलो तेव्हा तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "बुडू देऊ व्हय? गेणबातात्यानं मला पव्हायला शिकवलं हिच्यावरनं." मी आणखी कारण शोधलं. सापडलं नाही.

कलम ४. पान्यांचा संच आणि ग्रीस गन खोलीतल्या दिलबहादूरला. तसाही तो न विचारता वापरतो.

कलम ५. माझं स्टीलचं ताट. याच्यावर कडेला 'गो. गे. झ.' असं कोरलेलं आहे. शाळेत खिचडी खायला ताट घरून न्यावं लागायचं, आणि अदलाबदल व्हायची म्हणून आईने भांडीवाल्याकडून नाव घालून घेतलं. इथं मी अजून त्यातच जेवतो. हे ताट आमच्या वस्तीच्या शाळेला द्यावं, ज्या पोराकडे ताट नसेल त्याच्यासाठी. शाळा उरली असेल तर. पट कमी म्हणून ती दुसऱ्या शाळेत मिसळायचं चाललंय असं ऐकतो.

ताटाबरोबर एक निरोपही द्यावा. इथं कँटीनच्या टीव्हीवर मी शाळेतल्या खिचडीवरची चर्चा पाहिली. एक पुढारी म्हणाला, पोरं शिकायला येत नाहीत, नुसती जेवायला येतात, तो पैसा वर्गखोल्यांना द्या. दुसरा म्हणाला, आमचं सरकार आलं तर अंडी परत देऊ. तिसरा म्हणाला, गावोगाव चुली कशाला, एका मोठ्या किचनमधून टेम्पोने डबे पाठवा. मधे सिमेंटची जाहिरात. खिचडी शिजवणाऱ्या एकाही बाईला त्यांनी बोलावलं नव्हतं.

त्या पहिल्याला सांगायचंय, मी जेवायलाच जात होतो. वडील सहा महिने अंथरुणाला होते तेव्हा दिवसातलं एक जेवण नक्की होतं, ते शाळेत. जेवायला बसलो आणि बसल्या बसल्या अक्षरं आली. हा कागद त्या खिचडीवर लिहिलाय.

कलम ६. आता जे लिहायला हा कागद घेतला ते.

माझी आई वस्तीच्या शाळेत नऊ वर्षं खिचडी शिजवत होती आणि करुणाताई तिची मदतनीस होती. आईला लिहितावाचता येत नाही. पोरांना वाढायच्या आधी चव घेऊन वहीत लिहावं लागतं. तिथं आईचा अंगठा आणि त्यापुढं करुणाताईचं अक्षर: 'चव चांगली, मीठ बेताचं.' खाली हेडमास्तरांची सही. शाळेचे कागद, माझी पत्रं, औषधाची चिठ्ठी, आईला सगळं करुणाताईच वाचून दाखवायची.

गेल्या ऑगस्टात विजयसिंह नावाच्या बारामतीच्या बातमीवाल्याने त्याच्या मोबाईल चॅनेलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला. सुपात तांदूळ, तांदळात किडे आणि सूप धरलेले गोंदलेले हात. खाली लिहिलं होतं, 'हे खातात तुमची मुलं.' दोन दिवसांत ते मोठ्या टीव्हीवर गेलं. वस्तीने हात ओळखले. चौकशीला साहेब आले. तांदूळ पुरवणाऱ्याला कुणी विचारलं नाही. आईला काढलं, करुणाताईलाही काढलं आणि खिचडीच्या शेडला कुलूप लावलं. आता टेम्पो येतो. अकराला आलेला भात पोरं दीडला खातात. त्या टेम्पोचं कंत्राट कुणाच्या भावाचं आहे याबद्दल मला संशय आहे. पुरावा नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

व्हिडिओ समोरून काढलेला दिसत होता. आईच्या समोर त्या वेळी करुणाताई उभी होती, आणि तिच्या हातात फोन होता. आईने तिथंच ठरवलं. वस्तीने तर आधीच ठरवलं होतं. करुणाताईचं घर कोणत्या आळीत आहे एवढं त्यांना पुरलं. दरवर्षी दिवाळीत चकल्यांचा पहिला घाणा करुणाताईकडे जातो. गेल्या दिवाळीत गेला नाही. मी म्हटलं, "आई, तिनंच केलं कशावरनं?" आई म्हणाली, "फोन कुणाच्या हातात व्हता? नऊ वरसं एका चुलीवर धूर खाल्ला, आन माझाच फोटू इकला."

सदर व्हिडिओ करुणाताईने काढलेला नाही. तो मी काढलेला आहे.

त्या सकाळी आईने मला व्हिडिओ कॉल लावला होता. माझी रात्रपाळी सुटायची आणि ती तांदूळ निवडायला बसायची, रोजची वेळ. हात कामात म्हणून फोन करुणाताईने धरला होता. आईला वाटतं फोनवर दिसलेलं तिथल्या तिथं विरून जातं. मी इथं बसून ते सगळं माझ्या फोनात रेकॉर्ड करून घेतलं. निकृष्ट माल पाठवणाऱ्याला उघडं पाडू, असं मनात होतं. कुणावर विश्वास नसलेला माणूस मी, आणि नेमका एका चॅनेलवाल्यावर ठेवला. चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, माझं नाव येता कामा नये.

पूर्ण व्हिडिओ सोबतच्या मेमरी कार्डात आहे. तो पळसदेवच्या मोबाईलच्या दुकानात न देता स्वरूपाच्या फोनवर बघावा. त्यात आई म्हणते, "हे बघ गोकुळ, काय माल धाडलाय. पर एक बी किडा पोरांच्या ताटात जायचा न्हाय." मागून करुणाताई हसते, "मावशी, दोन तास झालं, माझा हात मोडला फोन धरून." आई म्हणते, "मग तू निवड, मी धरती." आणि मग ती मला एक विचारते. ते खाली लिहितो.

कलम ७. विजयसिंह यास माझ्या मालमत्तेतलं काहीही मिळणार नाही. दिवाळीत बारामतीच्या एसटी स्टँडवर मी त्याला गाठलं.

"आवाज का काढला?" मी विचारलं.

"आवाजात काय होतं? म्हातारी तांदूळ निवडती. ह्याची बातमी होती का?"

"ती किडे काढत होती."

"किडे होते का नव्हते? मग मी खोटं काय दाखवलं?" त्याने चहाचा कप ठेवला. "बरं, तुझं नाव टाकू का खाली? मुलानेच पाठवला म्हणून. दोन्ही बायका सुटतील."

मी नको म्हणालो आणि इंदापूरच्या गाडीत बसलो. त्याने मला दिलेला एकच शब्द पाळला. माझं नाव आजपर्यंत सांगितलं नाही. त्याच्यावरचा माझा राग मी माघारी घेत नाही, पण त्यातला अर्धा माझ्या खात्यावर लिहावा.

कलम ८. त्याच दिवाळीत मी होडीपाशी करुणाताईला भेटलो. सांगायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "मला म्हाईत हाय. फोन माझ्या हातात व्हता, समोर तू व्हतास. आनखी कोण असनार?"

"मग आईला सांगितलं का न्हाय?"

"मी सांगू? ती म्हनंल, आपल्या अंगावरचं माझ्या पोरावर ढकलती. वस्ती बी तेच म्हनंल. आमचं ऐकायची सवय कुनाला हाय हितं? सांगायचं तर तूच सांग."

मी उद्या सांगतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघालो. सात महिने झाले. करुणाताई मनात काहीतरी धरून असणार, कधीतरी उलटणार, असं मी मधूनमधून धरून चालतो. अजून उलटलेली नाही.

कलम ९. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचा अधिकार मी सौ. करुणा अनुप मखरे यांना देतो. दुसऱ्या कुणाला नाही. दाजींना नाही, सरपंचांना नाही, हेडमास्तरांना तर नाहीच. चौकशीत चवीच्या वहीवरची स्वतःची सही त्यांना ओळखू आली नव्हती.

कलम १०. इथवर लिहून मी कागद दोन दिवस उशाखाली ठेवला. काल स्वरूपाचा फोन आला. टेम्पोच्या जेवणाबद्दल तक्रारी गेल्यात, आणि आठ जूनला शाळेच्या समितीची बैठक आहे. पूर्वीच्या दोघी एकत्र अर्ज करत असतील तर शेडचं कुलूप निघेल. शाळेने आईला तसा कागद पाठवलाय. आईने तो न वाचता पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. वाचून दाखवणारी एकच होती, आणि तिच्याशी बोलणं बंद आहे. स्वरूपाने वाचून सांगितलं तर आई म्हणाली, "तिच्यासंगं? मेले तरी न्हाय."

म्हणून कलम १ ते ५ माझ्या पश्चात लागू राहतील, आणि कलम ६ पासून पुढचं आजपासून लागू आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात हे मला माहीत आहे. मी बोगद्यात सापडलो आणि मग हे उघडलं, तर आई रडण्यात मला माफ करून टाकेल. ती माफी फुकटची होईल, आणि आठ जूनही निघून गेलेली असेल.

हे पाकीट रजिस्टरने करुणाताईच्या नावावर पाठवतोय. तिन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. एकही बाजू सुटलेली दिसली तर पोस्टमनला जाब विचारावा.

करुणाताई, हा कागद घेऊन आईच्या दारात जा. ती तोंड फिरवेल. तू आत जाऊ नकोस, उंबऱ्यात बसूनच पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. माझं नाव ऐकलं की ती ऐकत राहील. मधलं काही गाळू नकोस, तुझ्या आळीचं लिहिलंय तेही नको.

आई, हे तुला करुणाताई वाचून दाखवतेय. यातलं एकही वाक्य तिच्या पदरचं नाही. खात्री करायची असेल तर कागद स्वरूपाकडून पुन्हा वाचून घे. तांदळाच्या व्हिडिओत शेवटी तू विचारलंस, जेवलास का. मी उत्तर न देता कॉल तोडला, कारण तो तुकडा मला लगेच पाठवायचा होता. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

वाचून झालं की मला कॉल करा. सकाळी आठला, रोजच्या वेळेला. करुणाताई, फोन तूच धर.

(सही) गोकुळ गेणबा झगडे

साक्षीदार १: दिलबहादूर थापा, खोली नंबर चौदा (सही)
साक्षीदार २: सुकरा ओरांव, खोली नंबर पंधरा (डाव्या हाताचा अंगठा)

दोघांनी मला सही करताना पाहिलं. दोघांनाही मराठी येत नाही, म्हणूनच निवडले.

ठिकाण: लेबर कॅम्प, हिमाचल प्रदेश
दिनांक: २१ मे २०२६
सोबत: मेमरी कार्ड, नग एक