पाचवी वार

सोमवार, ८ डिसेंबर

मिळाली! पाचवी वार. बाळ जन्मल्यापासून अर्ध्या तासात प्रसूतिगृहातून कॉलेजच्या लॅबमध्ये – द्वारका चौकातल्या गर्दीतून, डबा मांडीवर घेऊन, रिक्षावाल्याच्या नावाने बोटं मोडत. आईकडच्या बाजूने सोन्याचे अतिसूक्ष्म कण सोडले. बघायचं एवढंच, वार त्यांना अडवते की बाळाकडे जाऊ देते. यादव सर म्हणाले, "पाच झाल्या. आता प्रबंध लिहायला बसा." हुश्श.

मंगळवार, ९ डिसेंबर

संमतीच्या फॉर्मची प्रत द्यायला वॉर्डात गेले, तर दारातच बाळंतिणीची सासू. लंकाबाई, विंचूरच्या. हातात नवं मडकं, हळदीची पुडी.

"आमची वार कुठंय ताई? अंगणात पुरायची हाय. नऊ महिने पोराला राखलं तिनं, तिला काय कचऱ्यात टाकायची?"

सून सृष्टी उशीत तोंड खुपसून. सही तिची, सासूला पत्ताच नाही. मीही घरच्यांना विचारलं नव्हतं – पाचवी वार मिळवायची घाई. सर म्हणाले, "सही आहे ना?" आहे. पण लाज वाटली.

बुधवार, १० डिसेंबर

प्रयोगाला वारेची एकच पाकळी लागते. बाकीची आम्ही नुसती सवयीने ठेवून घेतो. आज सरांशी भांडले, दोन अर्ज भरले आणि उरलेली वॉर्डात नेऊन दिली. कण न सोडलेला एक तुकडा तेवढा तपासायला ठेवला.

लंकाबाईंनी ती मडक्यात ठेवली, वर हळद घातली. मला चहा पाजला, प्रयोगात काय करता ते विचारलं; मी सोन्याच्या कणांचं सांगितलं. मग हळूच, "ताई, तसले बारीक कण चुलीच्या धुरात असत्यात का? सून शेवटल्या दिवसापर्यंत चुलीपुढं होती. मीच बसवायचे. गॅसवरची भाकर आमच्यात कुनाला आवडत नाय."

त्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, "असतात, पण वारेने सगळे अडवले."

"मग बाळाला धुरी दिली तर चालंल ना?"

"खुशाल द्या."

किती हलक्या झाल्या बाई! मलाही बरं वाटलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

सृष्टी घरी गेली. दिवसभर लिखाण. चार पानं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

तो तुकडा मोठ्या मायक्रोस्कोपखाली पाहिला. बाळाकडच्या बाजूला काळे ठिपके. काजळी. तीनदा पाहिलं.

तिकडे बाळाला धुरी चालू असेल, माझ्या शब्दावर. आणि आता मध्ये वारही नाही. सृष्टीचा फोन लागत नाही. सकाळच्या पहिल्या बसने विंचूरला जाते.