तुझ्या नावाचा ट्रे

प्रिय चिमणे,

पाकीट फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. बाबांचा निरोप यात नाही. ते निरोप धाडणाऱ्यांतले नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको.

सध्या माझा संसार बुरशीशी चाललाय. टोमॅटोची कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात ना, त्या बुरशीचे नमुने मी वेगवेगळ्या रोपवाटिकांतून गोळा केलेत. प्रत्येकाची एक काचेची बशी आणि परीक्षेसाठी रोपांचा एक ट्रे. बुरशी एकच, बशीतलं खाणंही एकच, तरी एकाचा गुण दुसऱ्यात नाही. क्रमांकांत माझा गोंधळ उडायचा, म्हणून त्यांना नातेवाइकांची नावं दिली. तिथे माझा कधीच गोंधळ होत नाही. आत्या दोन दिवसांत बशीभर पसरते आणि झाकणालाही चिकटते. मामा जागचा हलत नाही. आणि आपली गरीब गाय काकू, पांढरी, मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिनं ट्रेमधलं एक रोप उभं ठेवलं नाही.

मागच्या आठवड्यात मी डबा विसरले आणि बाबा तो घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. चष्मा वर-खाली करत बशा वाचल्या. स्वतःची बशी दिसल्यावर खुलले. किती रोपं मारली, असं ऐटीत विचारलं. एकही नाही, म्हटलं. वाढ जोरदार, रंग गडद, पण रोपाला धक्का नाही. फार लागलं त्यांना. प्रयोगात चूक असेल, पुन्हा करून बघ, म्हणाले.

मग तुझी बशी शोधू लागले. ती नव्हतीच. तू बँक सोडून सायकली दुरुस्त करायला लागलीस तेव्हा आपल्या घरात असं कुणी नाही म्हणून तेच गरजले होते, त्यामुळे तुझं नाव घ्यायची मला धास्तीच बसलीय. मी सारवासारव केली, की या सगळ्या रोगाच्या बशा, तिला कशाला त्यात ओढू. एक ट्रे तेवढा बिनरोगाचा असतो, बाकीचे ताडून बघायला. बाबांनी माझ्या हातातला मार्कर घेतला आणि त्या ट्रेवर तुझं नाव लिहिलं.

तेव्हापासून मी डबा विसरत नाही, तरी ते रोज येतात. कधी छत्री आणतात, कधी माझी नसलेलीच किल्ली. तुझ्या ट्रेमधलं एखादं रोप जरा कललं की मला झापतात. आमच्या साहेबांना वाटतं, यांना बागकामाची आवड आहे.

आता खरं सांगते. प्रयोग शनिवारी संपतोय. मग सगळी रोपं उपटून मुळं तपासायची, तुझ्या ट्रेमधलीसुद्धा. काल हे बाबांना सांगितलं, तर खुर्ची ओढून ते ट्रेपाशी बसले. साहेबांनी समजावलं, कुलूप लावायची वेळ झाली, तरी उठेनात. आज सकाळी पुन्हा तिथेच. चिमणे, मला तुझी फार आठवण येते, पण त्यांना माझ्याहून जास्त येते आणि ते जन्मात बोलणार नाहीत. शनिवारच्या आत ये. ट्रे न्यायला आले एवढंच म्हण. आणि लवकर ये, प्रयोगशाळेत खुर्ची एकच आहे.

तुझीच, सध्या उभ्यानं काम करणारी,
ताई