‘आवं’ म्हणणारं बटण

प्रिय काकी,

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतच होते. आज दुपारी पलूसहून एसटीनं सांगलीला परत आले आणि हॉस्टेलवर पोचल्या पोचल्या कागद घेऊन बसले. भांडण मिटलंय गं! तेच सांगायचंय.

पक्षाघातानं तुझी वाचा नेली, डोकं मात्र शाबूत ठेवलं. बोलणारी यंत्रं बाजारात होती, पण तेवढ्या पैशांत आपल्या गोठ्यात म्हैस आली असती! मग इंजिनिअरिंगला असल्याचा काहीतरी उपयोग म्हणून मीच एक स्वस्तातला डबा केला. लाइटच्या बोर्डाचं खोकं, दारावरच्या बेलची बटणं आणि बोलक्या खेळण्यातली चिप. बटण दाबलं की माझा आवाज यायचा : पाणी पाहिजे, भूक लागली, दुखतंय, बाथरूमला जायचंय.

पाटणला आपल्या घरी घेऊन आले तेव्हा काय ऐट माझी! आणि तू काय केलंस? एकेक बटण दाबून पाहिलंस, दाराकडं बघितलंस आणि डबा ढकलून दिलास. पुन्हा हात म्हणून लावला नाहीस. मला कडेवर घेऊन शेजारणींना ‘आमची सुमी सायबीण हुनार’ म्हणून सांगणारी तू!

मला वाटलं, माझा आवाज तुला आवडला नाही. की लाजिरवाणं वाटलं तुला? तू गेलीस आणि मी धरूनच चालले की आपल्याला हे जमत नाही. कॉलेजातले सर मागे लागले म्हणून तोच डबा दुरुस्त करून आज पलूसला नेला. तिथंही कुणी ढकलून दिला असता, तर हे काम कायमचं सोडणार होते.

तिथल्या शालनमावशींची वाचाही तुझ्यासारखीच गेलेली. त्यांच्या सुनेला डब्यात आवाज भरायला शिकवत होते. तिनं बटण धरून ठेवलं आणि नेमकी तेव्हाच बाहेर नवऱ्याला ओरडली, ‘‘आवं, ऐकलं का?’’ झालं, तेच भरलं गेलं! बिचारी लाजून चूर. मी पुसणार, एवढ्यात मावशींनी बटण दाबलं.

‘‘आवं, ऐकलं का?’’

‘‘आलो, आलो!’’ डब्यातला चिरका आवाज ओळखून, हाक आपल्यालाच म्हणत गोठ्यातून मावशींचे म्हातारबुवा शेणानं भरलेल्या हातांनी तसेच धावत आले. सून पदर तोंडाला लावून हसतेय आणि मावशी पुन्हा बटण दाबतायत. ‘‘आगं, हितंच हाय की मी!’’ म्हणत ते खाटेवर टेकले. मावशींना पाणी नको होतं, काही नको होतं. काकी, किती हसल्या त्या!

आणि मला तू दिसलीस. ‘पाणी’ दाबलं की तांब्या घेऊन मी येणार, ‘दुखतंय’ दाबलं की गोळी घेऊन दादा. तात्यांना कुणी बोलवायचं? जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाहीस तू, ‘आवं’ हेच त्यांचं नाव. तेवढंच माझ्या डब्यात नव्हतं. अगं, खूण तरी करायचीस!

स्टँडवरूनच तात्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आधी खोकला येईस्तोवर हसले. मग म्हणाले, ‘‘व्हय पोरी, मलाच बोलवायचं आसंल. मी कुठं लांब व्हतो? भाईर कट्ट्यावरच बसायचो. आत आलो की तिला रडू फुटायचं. मला वाटायचं, माझं तोंडच बघू वाटंना झालंय तिला.’’

 फोन ठेवताना म्हणाले, ‘‘लय बरं केलंस, सांगितलंस.’’

आता तुला शब्द देते. माझ्या प्रत्येक डब्यावर पहिलं बटण हाकेचं असेल आणि ते मी भरणार नाही. ज्या घरात डबा जाईल, त्या घरानं आपली हाक भरायची. दोन डबे उद्याच करायला घेतेय. आणि तात्यांची काळजी करू नकोस. तू त्यांना बोलावत होतीस, हे त्यांना कळलंय.

तुझी,
सुमी