कोपऱ्यातल्या जास्तीच्या सळया

बाबा,

झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्याच्या मालकांनी तीन मजली गोदामाच्या डिझाइनसाठी कोटेशन मागितलं.
२. मी तुमच्याच पद्धतीने, चौरस फुटामागे दर लावून दिलं.
३. निम्म्या दरात करून देणारा त्यांना दुसरा मिळाला.
४. तरी सोमवारी त्यांनी मला परत बोलावलं.

म्हणाले, "मॅडम, फुटाचा भाव तर आता कोणीही देऊन राहिला. ड्रॉइंग कम्प्युटरच काढते. तुम्ही माझं स्टील वाचवा. त्याच्या ड्रॉइंगपेक्षा जितकं कमी लागेल, त्यातला चौथा हिस्सा तुमचा." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. मी शनिवारी सांगते म्हणून निघाले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

त्यांचं चूक आहे असंही म्हणता येत नाही. तुम्हाला ज्या गणिताला पंधरवडा लागायचा, ते मी एका दुपारी करते. वेळ विकायला उरलेलाच नाही. माझ्या डोक्यातलं नेमकं काय त्यांच्या उपयोगाचं, एवढंच ते विचारताहेत. हे काम गेलं तर मनीषनगरचं ऑफिस बंद करून मला पुण्याच्या कंपनीत नोकरी धरावी लागेल.

लकडगंजची ती आरामशीन आठवते. मी शाळेत होते, सुट्टी होती, तुमच्या स्कूटरवर मागे बसून आले होते. लाकडाच्या भुशाने नाक भरलेलं. तिथल्या सेठनीही त्यांच्या इमारतीच्या कामात तुम्हाला वाचलेल्या लोखंडातला हिस्साच देऊ केला होता. तुम्ही हसता, चष्मा पुसता आणि म्हणता, "मग माहा हात लोखंड काढायलेच जाईल ना, सेठ. मले झोप लागू द्या."

"झोपेचे पैसे वेगळे लावता का साहेब?"

"नाही. फुटाच्या भावातच आहेत."

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरलं होतं. गणित संपल्यावर तुम्ही नेहमीसारखी लाल पेन्सिल घेऊन कोपऱ्यातल्या प्रत्येक कॉलममध्ये सळयांची आणखी एक जोडी काढली. ही हिशेबात कुठे आहे, मी विचारलं.

"हिशेबात नाही. मिस्त्रीच्या चुकीसाठी आहे."

"आणि त्याने चूक नाही केली तर?"

"काहून वं, चूक न करणारा मिस्त्री पाहिला तू? अन् टेबलाशी बसून गणित करणाराही मिस्त्रीच असते."

ती जोडी मी तुमच्यानंतरही आजवर प्रत्येक कामात ठेवली. तिच्याबद्दल मालकांना सांगत नाही, बिलातही लावत नाही. नियमांप्रमाणे ती लागत नाही, हे मी तपासलेलं आहे. नव्या दरात सगळ्यात आधी तीच जाईल, आणि ती काढल्याचे पैसे मला मिळतील. कॉलेजात शिकवलं होतं की गरजेपेक्षा जास्त माल घालणं म्हणजे कच्चं डिझाइन. तेही मला पटतं. काँक्रीट आता गाडीतून तयार येतं, सळया बांधल्याचे फोटो त्याच दिवशी फोनवर येतात. तुमचा तो मिस्त्री कदाचित उरलाही नसेल. तुम्ही बरोबर होता की नुसते घाबरत होता, हे मला कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. विचारायला हवं होतं तेव्हा मी तुमच्याकडून फक्त पेन्सिल धरायला शिकले.

एक राहिलं. काल मी त्या गोदामाचं गणित जोडी काढून टाकून केलं. सॉफ्टवेअरमध्ये इमारत पास झाली. मला आनंद झाला, आणि त्या दुसऱ्याच्या ड्रॉइंगशी ताडून हिस्सा किती येईल तेही मी लगेच काढून पाहिलं. ती फाइल अजून बंद केलेली नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी तुमचं उत्तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. शनिवारी मला स्टीलचा आकडा सांगायचा आहे.